दोन स्पीकरांच्या मधली जागा

मित्रांनो, मी तुमच्या घरात दिसले असते तर पायात येते म्हणून तुम्ही मला कोपऱ्यात सारले असते. त्याचा मला राग नाही. मी एक जुनी वायर आहे. माझे आवरण कधीकाळी पाण्यासारखे स्वच्छ होते, आता ते शिळ्या तुपासारखे पिवळे पडले आहे. माझे दोन तुकडे आहेत. एक डाव्या स्पीकरकडे जातो, दुसरा उजव्या. तुकडे दोन असले तरी जीव एकच आहे. धाकट्या डहाणूत, खाडीच्या तोंडाशी असलेल्या नारूंच्या घरात मी बावीस वर्षे गाणे वाहून नेले. त्यातल्या शेवटच्या एकोणीस दिवसांत मी ते चुकीचे नेले. मला तोंड नाही, म्हणून तेव्हा सांगता आले नाही. आज सांगते.

माझा जन्म अच्छाडजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा एकत्र पिळून एक तार होई, अशा दोन तारा शेजारी शेजारी ठेवून त्यांवर आवरण चढवले जाई, आणि मग त्यांतल्या एकीच्या पाठीवर लाल शाईची बारीक रेघ उठे. रिळावर मला गुंडाळणारी बाई झरी गावची होती. तिचे नाव चिमी. ती आपल्या शेजारणीला म्हणाली, "ही लाल रेघ कशाला वडतात गं?"

"उलटसुलट लागू नये म्हणून, असं साहेब बोलतो."

"तार ती तार," चिमी हसली. "तिला उलटं काय नि सुलटं काय! पोराचा सदरा आहे काय?"

सगळ्या बायका हसल्या. मलाही तेव्हा ते खरेच वाटले.

तिथून मी महामार्गाच्या नाक्यावरच्या एका टपरीत आले. ढाब्यांच्या रांगेत ही टपरी होती. मुक्कामाला थांबलेले ट्रकवाले तिथून टेपसाठी वायर, हॉर्न, रंगीत दिवे घेत. माझ्यासोबतच्या रिळाचे तुकडे पंजाबला गेले, केरळला गेले. मीही कुठल्यातरी ट्रकमध्ये धूळ खात हिंडणार असे मला वाटत होते. एके दिवशी दुपारी एक सडसडीत माणूस आला. त्याने माझे टोक सोलले, तार अंगठ्यावर वाकवून पाहिली आणि नाकाशी धरली.

"काका, वायर आहे, बोंबील नाय," टपरीवाला म्हणाला.

"बोंबलाच्या गावचाच आहे मी. तांबं ताजं आहे का बघतो. दहा मीटर दे."

"गाडी कुठली?"

"गाडी नाही. घरात गाणं लावायचं आहे."

ते नारू होते. डहाणूत त्यांचे छोटेसे दुकान होते. बोटींच्या बॅटऱ्या, दिवे, मासे शोधायची यंत्रे ते दुरुस्त करत. किनाऱ्याच्या रस्त्यावर चिकूच्या वाडीत एक म्हातारे शेठ राहत. त्यांच्याकडे परदेशातून आणलेला स्टिरिओ होता. पाट्यासारखा जड अॅम्प्लिफायर, आणि चौथीतल्या मुलाएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. तो बिघडला की शेठ मुंबईला निरोप न धाडता नारूंना बोलावत. शेठ गेले तेव्हा त्यांच्या मुलांनी घर आवरले आणि तो सगळा संच नारूंना दिला. "तुमच्या हातानेच तो जगला," असे शेठची मुलगी म्हणाली होती. फक्त त्याच्या परदेशी वायरी खाऱ्या हवेने आतून खाल्ल्या होत्या. आवरण सोलले की तांब्याऐवजी हिरवी पूड गळे. त्यांच्या जागी नारूंनी मला जोडले.

त्या संचाच्या मानाने मी फारच साधी होते. ट्रकच्या टेपसाठी जन्मलेली वायर त्या देखण्या स्पीकरांना लागली, तेव्हा मला लाज वाटली. पण नारू मला कधी कमी लेखत नसत. ते म्हणत, "वायर गात नाही. गाणाऱ्याच्या आड येऊ नये, एवढंच तिचं काम."

मी कधी आड आले नाही.

नारूंच्या पत्नीचे नाव जिजा. त्या डहाणूच्या बाजारात मासे विकत. कोणाच्या घरी लग्न निघाले की हळदीच्या दिवशी जिजांना बोलावणे येई, कारण हळदीची गाणी त्यांच्याइतकी कोणाला येत नसत. त्यांचा आवाज गोड नव्हता. भर बाजारात हाका मारून तो जरा फाटला होता. पण त्या गायला बसल्या की नवरीची आई रडणे थांबवून ऐकत राही.

एकदा पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या होत्या आणि बाजार बंद होता. तेव्हा नारूंनी पडवीच्या दोन खांबांना दोन माईक बांधले. मध्ये जिजांना पाटावर बसवले.

"येवढ्या सकाळी हळद कोणाची लावू? तुमची?" जिजा म्हणाल्या.

"लाव की. एकदा लावलीस, आणखी एकदा लाव."

"चळलं म्हातारं," असे म्हणत त्या गायल्या. तीन गाणी झाली. डाव्या माईकमध्ये मागून समुद्र आला. उजव्या माईकमध्ये शेजारच्या सोनूबाईंच्या कोंबड्या आल्या आणि सोनूबाईंचा खोकला आला. जिजा दोघांत सारख्या आल्या. गाणी संपल्यावर त्यांनी विचारले, "झालं का वो? बंद करा आता ते."

पुढे त्या कॅसेटची जावयाने सीडी करून दिली. ती लावली की डाव्या स्पीकरकडे समुद्र असे, उजवीकडे कोंबड्या असत, आणि दोहोंच्या मध्ये, जिथे नुसती मोकळी भिंत होती तिथे, जिजा बसलेल्या असत. खरोखर बसलेल्या. मित्रांनो, ही जादू नव्हे. दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज एकाच वेळी, एकाच जोराने बाहेर आला की आपले कान तो मधोमध आहे असे समजतात. नारूंनी शेठच्या घरची वेताची खुर्ची दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर मांडली होती. खुर्ची हलू नये म्हणून तिच्या चार पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा केल्या होत्या. जिजा स्वतः घरात हिंडत असत आणि भिंतीशीही बसलेल्या असत. "मला बाजारात धाडता आणि हिला घरात बसवून ठेवता," असे त्या म्हणत.

"झालं का वो" हे शब्द आले की नारू लगेच बटण दाबत. पुढे एकदोन क्षण त्यांचा स्वतःचा आवाज होता. तो ऐकायला त्यांना लाज वाटे. म्हणून पुढे काय आहे ते कोणी ऐकले नव्हते. मीही नाही.

खारी हवा कोणाला सोडत नाही. वर्षभरात माझी टोके हिरवी पडत. नारळी पौर्णिमेच्या आधी गावात बोटींना रंग लागतो, जाळी तपासली जातात, तेव्हा नारू मलाही काढत. चारही टोके दोन-दोन बोटे कापत, नवे तांबे उघडे करून पुन्हा जोडत. मी दरवर्षी तोकडी होई आणि स्पीकर दरवर्षी थोडे जवळ येत. मग खडूच्या खुणा पुसून नव्या काढाव्या लागत. सोनूबाई दारातून पाहत उभ्या राहत. त्या नारूंच्या थोरल्या भावजय.

"नारू, परत कापलीस बिचारीला? असाच कापत ऱ्हायलास तर एक दिवस दोन्ही खोके एकमेकांच्या मांडीवर बसतील."

"तोवर मी नसेन, वयनी."

"मग कोण कापील?"

नारूंनी खडू उचलला आणि नव्या खुणा काढायला घेतल्या.

काही वर्षांनी माझ्या पाठीवरची लाल रेघ पुसून गेली. आता माझ्या दोन तारांतली कोणती कोणती हे डोळ्यांना कळेना. नारूंनी मीटर लावून ओळखले आणि यंत्राच्या व स्पीकरच्या पाठीवरच्या लाल-काळ्या खोबणींपैकी लाल खोबणीत जाणाऱ्या तारेला जुन्या सुती जाळ्याच्या दोऱ्याची गाठ मारली. नायलॉनची गाठ निसटते म्हणून मुद्दाम सुती दोरा घेतला. जाळ्याला मारतात तशीच ती पक्की, छोटी गाठ होती. दोन तुकडे, चार टोके, चार गाठी. दरवर्षी टोक कापले की गाठ मागे सरकवत. तीच माझी ओळख झाली.

मग जिजा गेल्या. आधी ताप आला, तो साधा वाटला, मग साधा राहिला नाही. ती सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेराव्यानंतर घर रिकामे झाले. नारूंनी दुपारी सीडी लावली आणि खुर्चीत बसले. त्या दिवसापासून रोज दुपारच्या जेवणानंतर तीन गाणी. त्या काळात माझ्यातून जे गेले त्याचे वजन मला ठाऊक आहे.

त्यांची मुलगी हिना वापीला राहते. एकुलती एक. जावई जिग्नेशला गाण्याच्या यंत्रांचा फार शौक. एका सुट्टीत त्याने मखमली पेटीतून एक नवी वायर आणली. ती धामणीसारखी जाड होती. तिच्या टोकांवर सोनेरी मुलामा होता, एका तारेला लाल टोपी आणि दुसरीला काळी.

"सोन्याची हाय काय?" सोनूबाईंनी विचारले. "हिच्यानं तर आख्खी बोट बांधशील."

"पप्पा, एक वार ऐका ने," जिग्नेश म्हणाला. "आवाजात जमीन-आसमानचा फरक पडतो."

"पडत असेल. बघू. पण मला दिसता कामा नये कोणती लागली आहे ते," नारू म्हणाले.

स्पीकरांच्या मागे चादर टांगली. जिग्नेश चादरीआड एकदा तिला जोडी, एकदा मला. नारू डोळे मिटून खुर्चीत बसले. पाच वेळा तेच गाणे लागले. नारूंनी पाच वेळा ओळखायचा प्रयत्न केला. दोनदा बरोबर आले, तीनदा चुकले.

जिग्नेशचा चेहरा उतरला. नारूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची वायर वाईट नाही हो. पण दोन्हीकडे जिजा तेवढीच आहे."

"म्हणजे वायरने काहीच फरक नाही पडत?"

"पडतो की. केसासारखी बारीक घेतलीत आणि घरभर फिरवलीत तर पडेल. टोक गंजलं तर पडेल. आणि एक बाजू उलटी लागली तर विचारूच नका. होडी वर चढवताना दोघं जण दोन बाजूंना असतात ना? दोघांनी मिळून ढकलली तर ती चढते. एकाने ढकलली आणि दुसऱ्याने ओढली, तर जोर तेवढाच लागतो, पण होडी जागची हलत नाही. तसं होतं. म्हणून तर या गाठी. गाठीची बाजू लाल खोबणीत."

जिग्नेशने मान डोलावली. हिना स्वयंपाकघरात सुरमई तळत होती. तेल तडतडत होते. तिच्या कानावर यातले काही गेले नाही. हे मी पुन्हा पुन्हा आठवते. तेल जरा कमी तडतडले असते तर?

जाड वायर मखमली पेटीतून कपाटात गेली. मी होते तिथे राहिले. मित्रांनो, मला त्या दिवशी अभिमान वाटला. तो वाटायला नको होता.

गेल्या श्रावणात नारूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. तीन आठवडे ते वापीच्या रुग्णालयात होते. नारळी पौर्णिमा आली आणि गेली, माझी टोके कोणी कापली नाहीत. घर बंद होते. भिंतींना बुरशी आली.

बाबांना घरी आणायच्या आदल्या दिवशी हिना एकटी आली. तिने खिडक्या उघडल्या, अंथरुणे उन्हात टाकली, जमीन दोनदा पुसली. स्पीकरच्या मागे कोळिष्टके झाली होती म्हणून ती गुडघ्यांवर बसून आत शिरली. तिथे तिला मी दिसले. माझ्यावर चार ठिकाणी काळे पडलेले, कुबट वास येणारे जाळ्याच्या दोऱ्याचे तुकडे होते.

कोळ्याच्या घरात एक नियम असतो. कुजलेला दोरा घरात ठेवायचा नाही. चुकून जाळ्यात गेला तर भर समुद्रात तिथूनच जाळे फाटते. जिजांनी हिनाला लहानपणीच तो शिकवला होता. कुठे दोरा दिसला की ओढून बघायचा. तुटला तर चुलीत. हिनाने माझ्यावरचा दोरा ओढून पाहिला. तो तुटला. "बाबा पण ना, काय काय बांधून ठेवतात," ती स्वतःशीच म्हणाली. तिने कात्री आणली आणि चारही गाठी कापल्या. मग मला सगळीकडून सोडवले, ओल्या फडक्याने पुसले, टोकांवरचा हिरवा थर नखाने खरवडला. इतक्या मायेने मला कोणी पुसले नव्हते.

नंतर जोडताना ती क्षणभर थांबली. लाल आणि काळी खोबण तिला दिसत होती, पण माझ्या तारा तर एकसारख्याच होत्या. दिव्याच्या वायरी कशाही लावल्या तरी दिवा लागतो, हे तिला ठाऊक होते. तिने जोडल्या. उजवा तुकडा बरोबर लागला. डावा उलटा.

दुसऱ्या दिवशी नारू आले. दोघांनी धरून त्यांना वेताच्या खुर्चीत बसवले. हिनाने जेवण भरवले, तोंड पुसले आणि न विचारता सीडी लावली.

माझ्यातून गाणे निघाले तेव्हाच मला कळले. उजव्या स्पीकरचा पडदा बाहेर येई तेव्हा डाव्याचा आत जाई. समुद्र होता. कोंबड्या होत्या. सोनूबाईंचा खोकला होता. मधली बाईच नव्हती. तिच्या आवाजाचे नुसते साल उरले होते, भिंतींवर इकडेतिकडे चिकटलेले. आतला गर गेला होता.

नारूंनी मान वळवली. पुन्हा सरळ केली. मग म्हणाले, "जिजा नाही."

हिनाने त्यांचा हात धरला. "बाबा, आईला जाऊन सहा वर्षं झाली ना?"

"तसं नाही गं." त्यांनी डाव्या हाताने भिंतीकडे दाखवले. "तिथं. तिथं नाही."

डॉक्टरांनी हिनाला सांगून ठेवले होते, की कधी कधी जुने-नवे एकत्र होईल, घाबरायचे नाही, वाद घालायचा नाही. म्हणून तिने वाद घातला नाही. "बरं," ती म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नारू फार विचार करून, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "माझा एक कान गेला वाटतं."

"मशीनच बिघडलं असेल बाबा. ती वायर किती जुनी आहे! कपाटात जिग्नेशची आहे ना, ती लावू का?"

मित्रांनो, हा क्षण मला विसरता येत नाही. त्या वायरीला लाल टोपी होती आणि काळी टोपी होती. हिनाने ती बघून बरोबर लावली असती. जिजा त्याच दुपारी भिंतीशी येऊन बसल्या असत्या. काढा मला, मी मनात म्हणत होते. भंगारात टाका, चुलीत टाका.

नारूंनी मान हलवली. "नको. तिला बोल लावू नको. बावीस वर्षं इमानानं चालली. दोष माझ्या कानाचा."

त्यांना वाकता आले असते तर त्यांनी एका नजरेत ओळखले असते. उजवा हात चालत असता तर नुसते बोटांनी चाचपून गाठ शोधली असती. पण ते खुर्चीत होते आणि मी स्पीकरच्या मागे होते. आमच्यात पाच हातांचे अंतर होते.

त्यानंतर हिनाने गाण्याचे विचारले की ते नको म्हणत. सोनूबाई येऊन बसत आणि मुद्दाम चिडवत, "काय रे नारू, जिजीवर रुसलास काय?" ते ओठाच्या एका बाजूने हसत. एकदा हिना फारच मागे लागली, तेव्हा म्हणाले, "ती येत नाही. मग उगाच कशाला बोलवायचं?"

एकोणिसाव्या दिवशी पहाटे ते गेले. हिना शेजारी होती. त्यांचा डावा हात तिच्या हातात होता आणि तोंड भिंतीकडे होते.

तेराव्यानंतर हिनाने घर आवरायला घेतले. तलासरीला मुकेश राहतो. लग्नांना, वाढदिवसांना स्पीकर लावायचा त्याचा धंदा आहे, आणि काम त्याने नारूंच्या दुकानातच शिकले होते. हिनाने त्याला बोलावून सांगितले की संच तू घेऊन जा, इथे आता कोण ऐकणार.

मुकेश टेम्पो घेऊन आला. संच उचलण्याआधी त्याने हात जोडले. मग म्हणाला, "ताई, एकदा वाजवून बघू? काका नेहमी सांगायचे, चालू बघितल्याशिवाय हलवायचं नाही."

सीडी आतच होती. मुकेश खुर्चीत बसला नाही. खुर्चीच्या मागे उभा राहिला. अर्धे गाणेही झाले नसेल.

"ताई, ही एक बाजू उलटी आहे."

"उलटी म्हणजे?"

"वायर. प्लसची मायनसला गेली आहे. कोणी लावली? काकांच्या हातून असं नाय होणार. त्यांनी गाठी बांधल्या होत्या ना?"

हिनाच्या हातात कपड्यांची घडी होती. ती तिने खाली ठेवली. "उलटी लागली तर काय होतं?"

"मधला माणूस जातो, ताई. बाकी सगळं राहतं. मधला जातो."

तो मागे वाकला. डाव्या तुकड्याच्या दोन तारा सोडवून त्याने त्यांची अदलाबदल केली. बोटाच्या दोन पेरांएवढे काम. मग गाणे पहिल्यापासून लावले.

जिजा आल्या. भिंतीशी, पाटावर, मधोमध. बाजारात फाटलेला तो आवाज छातीसकट आला.

हिना भिंतीकडे बघत राहिली. मुकेशने हळूच विचारले, "कोणी लावली होती?"

"मी."

मुकेश घाईने म्हणाला, "जाऊ दे ताई. एवढा फरक कोणाला कळतो? आपल्या लायनीतल्या लोकांनाच. म्हाताऱ्या माणसाला तर..."

"त्यांना कळलं होतं," हिना म्हणाली. "ते मला सांगत होते."

ती जमिनीवर बसली. खुर्ची रिकामी होती, पण ती तिच्यात बसली नाही. तिच्या बाजूला, खडूच्या खुणेबाहेर बसली. मुकेश टेम्पोशी जाऊन उभा राहिला. संच न घेताच तो संध्याकाळी परत गेला.

तिसरे गाणे संपले. जिजांनी विचारले, "झालं का वो? बंद करा आता ते."

इथे नारू बटण दाबत. हिनाचा हात उठला नाही. सीडी पुढे चालू राहिली, आणि बावीस वर्षांत कधीच न गेलेली गोष्ट माझ्यातून गेली. आधी पडवीत पावले वाजली. मग दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, जिजांच्या अगदी जवळून, तेव्हाच्या नारूंचा आवाज आला.

"झालं. पाय अवघडला असेल तुझा. धर माझा हात."

पाट सरकल्याचा आवाज झाला. मग नुसता समुद्र.

मित्रांनो, मी आजही त्याच घरात आहे. हिनाने सोनूबाईंकडून सुती दोरा मागून घेतला. जाळ्याची गाठ तिला विसरायला झाली होती. सोनूबाईंनी डोळे पुसत, रागे भरत ती तिला पुन्हा शिकवली. "वापीला जाऊन हात विसरलीस काय तुजे? असा फिरव. आता वड." चार टोकांवर चार गाठी पुन्हा बसल्या. येत्या नारळी पौर्णिमेला ती येणार आहे, मला दोन बोटे कापायला. सोनूबाईंच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. खुर्ची मात्र आता कोणी हलवत नाही.

मी एक साधी वायर आहे. मोठमोठ्या गोष्टी सांगायचा मला अधिकार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिची टोके वर्षातून एकदा स्वच्छ करा, लाल बाजू लालला लावा. तिच्यावर एखादा मळका दोरा, चिंधी, खूण दिसली, तर कापण्याआधी विचारा की ही कोणी आणि कशासाठी बांधली. आणि घरातले म्हातारे माणूस म्हणाले, की पूर्वीसारखे ऐकू येत नाही, दिसत नाही, अमुक जागेवरून काहीतरी गेले आहे, तर 'बरं' म्हणून पाठीवर हात फिरवू नका. आधी गुडघ्यांवर बसा आणि मागे वाकून बघा.

अर्ध्या मिनिटाचे काम असते.